नेपाळ: एकोणीस दिवसांचं आंदोलन आणि दोन वर्षांनी गेलेला राजा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

२०२५ च्या सप्टेंबरात तरुणांच्या आंदोलनात काठमांडूचा सिंहदरबार, म्हणजे सरकारचं मुख्यालय, जळताना सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक वाक्य फार फिरलं: राजाला हाकललं तिथेच नेपाळचं चुकलं. हे वाक्य पुढे ढकलणाऱ्यांपैकी फार थोड्यांना राजा नेमका कसा गेला हे माहीत असतं. कुणी म्हणतं माओवाद्यांनी बंदुकीच्या जोरावर घालवला, कुणी म्हणतं दिल्लीने घालवला, कुणी २००१ च्या राजवाड्यातल्या हत्याकांडापाशीच गोष्ट संपवतं. म्हणून हा धागा काढतोय.

माझं म्हणणं आधीच सांगतो. २००६ च्या एप्रिलमधल्या जनआंदोलनाने राजाच्या हातातली सत्ता काढून घेतली, राजेपद नाही. राजेपद गेलं ते २८ मे २००८ रोजी, निवडून आलेल्या संविधान सभेत मतदान होऊन, ५६० विरुद्ध ४ मतांनी. मधली दोन वर्षं या गोष्टीतली सगळ्यात मोलाची आहेत आणि त्यांच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

थोडं मागे जावं लागेल. १९५१ साली राणांची पिढीजात पंतप्रधानकी संपली, तेव्हा राजा त्रिभुवन यांनी जनतेला शब्द दिला होता की संविधान सभेची निवडणूक होईल, लोकच आपलं संविधान लिहितील. तो शब्द पाळला गेला नाही. १९५९ ला निवडणूक झाली ती राजा महेंद्र यांनी दिलेल्या संविधानाखाली, आणि नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकून बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दीड वर्षात, डिसेंबर १९६० मध्ये, महेंद्रांनी त्यांना तुरुंगात टाकलं, पक्षांवर बंदी घातली आणि सत्ता राजाच्या हाती ठेवणारी, पक्षांशिवायची ‘पंचायत’ व्यवस्था आणली. ती तीस वर्षं टिकली. १९९० च्या पहिल्या जनआंदोलनाने पक्षांवरची बंदी उठली, बहुपक्षीय संसद आली, पण संविधान लिहिलं ते एका नेमलेल्या आयोगाने, आणि जाहीर केलं राजा बीरेंद्र यांनी. म्हणजे १९५१ चा शब्द तसाच पडून राहिला. २००६ साली रस्त्यावर जी मागणी सगळ्यात जोरात होती ती हीच, संविधान सभेची. पंचावन्न वर्षं थकलेली मागणी होती ती.

बीरेंद्र यांचे भाऊ ज्ञानेंद्र २००१ च्या हत्याकांडानंतर राजे झाले. त्यांनी १ फेब्रुवारी २००५ ला सगळा कारभार स्वतःकडे घेतला. त्या दिवशी फोन बंद, इंटरनेट बंद, नेते घरात नजरकैदेत, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत सैनिक. एफएम केंद्रांनी फक्त गाणी वाजवायची, बातम्या द्यायच्या नाहीत असा हुकूम. कारण सांगितलं गेलं माओवाद्यांचा बंदोबस्त. १९९६ पासून चाललेल्या त्या युद्धात तोवर हजारो माणसं मेली होती आणि गावाकडचा बराच भाग सरकारच्या हाताबाहेर गेला होता, त्यामुळे सुरुवातीला काठमांडूतल्या पुष्कळ लोकांनी या हुकमाला विरोध केला नाही. एक धडाडीचा राजा येऊन घडी बसवेल असं त्यांना खरंच वाटत होतं. वर्षभरात ना युद्ध थांबलं, ना शहरात मोकळेपणा राहिला. फेब्रुवारी २००६ ला राजाने नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या तर जेमतेम वीस टक्के मतदार आले आणि कित्येक जागांना उमेदवारच मिळाले नाहीत. माझ्या मते राजेशाही त्या दिवशी हरली, एप्रिलमध्ये तिने ते कबूल केलं.

पक्षांची अवस्था काय होती हेही पाहिलं पाहिजे. १९९० नंतरच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी सरकारं पाडण्या-बनवण्याशिवाय फार काही केलं नव्हतं. त्यांनी हाक दिली तर लोक येईनात. मग नागरिक चळवळ उभी राहिली, देवेंद्रराज पांडे, कृष्ण पहाडी यांच्यासारखी माणसं पुढे आली. ऑगस्ट २००५ मधल्या नया बानेश्वरच्या सभेत मंचावर नागरिक होते आणि पक्षांचे बडे नेते खाली, श्रोत्यांत. पुढाऱ्यांनी समोर बसून लोकांचं ऐकलं. मला हा प्रसंग एप्रिलमधल्या कुठल्याही मोर्चाइतकाच महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबरात राजाविरुद्ध एकत्र आलेले सात पक्ष आणि माओवादी यांच्यात दिल्लीत बारा कलमी समझोता झाला: माओवादी बहुपक्षीय लोकशाही मानतील, पक्ष संविधान सभा मानतील. दोघांनी एकमेकांसाठी एकेक मोठी गोष्ट सोडली.

६ एप्रिल २००६ ला चार दिवसांचा बंद पुकारला, तो लांबत लांबत एकोणीस दिवसांवर गेला. कर्फ्यू लागला, मोबाइल सेवा बंद झाली, भाजीपाला आणि पेट्रोल संपत आलं. पण लोक काठमांडूला वेढा घालणाऱ्या रिंग रोडवर रोज जमत राहिले. कलंकी, गोंगबू, चाबहिल, बल्खू, कीर्तिपूर. डॉक्टर, वकील, प्राध्यापक उतरले, मग बँकांचे कर्मचारी, मग चक्क गृह मंत्रालयातले कर्मचारी घोषणा देऊन अटक झाले. २० एप्रिलला कलंकीला गोळीबारात माणसं मेली. २१ ला राजाने दूरदर्शनवर येऊन सांगितलं की पक्षांनी पंतप्रधानाचं नाव सुचवावं. पक्ष कदाचित हो म्हणाले असते, रस्ता नाही म्हणाला. २२ ला कर्फ्यू मोडून लोंढे शहरात शिरले. २५ तारखेला वीस लाख लोकांनी रिंग रोड वेढायचा असं ठरलं होतं. २४ च्या रात्री, बारा वाजायला थोडा वेळ असताना, राजाने २००२ साली विसर्जित केलेली संसद परत बोलावली.

आणि इथून पुढची दोन वर्षं. १८ मे २००६ ला त्या संसदेने एका घोषणेने राजाचे अधिकार काढले. ‘श्री ५ को सरकार’चं, म्हणजे महाराजांच्या सरकारचं, ‘नेपाल सरकार’ झालं, शाही सेना नेपाळी सेना झाली, देश धर्मनिरपेक्ष ठरला, राजाच्या उत्पन्नावर कर लागला. नोव्हेंबरात शांतता करार. जानेवारी २००७ मध्ये अंतरिम संविधान, माओवादी संसदेत. राष्ट्रप्रमुखाची कामं पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला करू लागले. राजा नारायणहिटी राजवाड्यातच राहत होता! वाडा होता, पहारा होता, अधिकार एकही नव्हता. मग एप्रिल २००८ ला निवडणूक, २८ मे ला मतदान, ११ जूनला ज्ञानेंद्र यांनी मुकुट आणि राजदंड सरकारकडे सोपवला, पत्रकार परिषद घेतली आणि नागार्जुनच्या बंगल्यात राहायला गेले. देशातच राहिले, आजही आहेत. कुणाचं डोकं उडवलं नाही, कुणाला विमानात बसून पळावं लागलं नाही. २४० वर्षांचं राजघराणं असं जाणं ही साधी गोष्ट नाही.

चर्चा व्हावी.

---

सह्यकडा

उत्तम धागा. पण एक मुद्दा ठामपणे मांडतो. हत्याकांड झालं नसतं तर नेपाळमध्ये आजही राजा असता. बीरेंद्र यांनी १९९० ला गोळीबार वाढू दिला नाही, दोन दिवसांत बंदी उठवली आणि पुढची अकरा वर्षं संविधानाच्या चौकटीत राहिले. माओवाद्यांवर सेना सोडायलाही ते तयार नव्हते. १ जून २००१ च्या रात्रीच्या गोळीबारात ते, राणी ऐश्वर्या, तिन्ही मुलं गेली, त्यांतले युवराज दीपेंद्र तीन दिवसांनी. चौकशी समितीने युवराज दीपेंद्र यांना जबाबदार धरलं, पण ते बहुसंख्य नेपाळी माणसांच्या गळी कधीच उतरलं नाही. ज्ञानेंद्र गादीवर बसायला निघाले तेव्हा रस्त्यावर जयजयकार नव्हता. लोकांच्या मनातला राजा त्या रात्रीच गेला होता.

आपल्याकडे नेपाळच्या दरबाराबद्दल जिव्हाळा असायला कारणंही आहेत. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या घरात राणांच्या घराण्यातून सून आली, सोयरीक आहे. त्यामुळे ‘नेपाळची राजेशाही’ म्हणजे परकी सत्ता असं मला तरी कधी वाटलं नाही.

---

कृष्णाकाठ

@सह्यकडा, बीरेंद्र यांच्याबद्दल आदर मलाही आहे. पण एक भला राजा असला की राजेशाही सुरक्षित, हे गणित महेंद्र आणि ज्ञानेंद्र यांनी दोनदा खोटं ठरवलं. १९९० च्या संविधानात १२७ वं कलम होतं, संविधान अमलात आणताना अडचण आली तर ती दूर करण्यासाठी राजाला आदेश काढता येईल असं. हे कलम किरकोळ तांत्रिक अडचणींसाठी लिहिलेलं. ४ ऑक्टोबर २००२ ला ज्ञानेंद्र यांनी पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांचं सरकार बरखास्त करताना हेच कलम वापरलं आणि पुढे त्याच कलमाखाली एकामागून एक पंतप्रधान नेमले. बीरेंद्र यांच्या काळातही ते कलम तिथेच होतं, त्यांनी वापरलं नाही इतकंच. देशाची लोकशाही एका माणसाच्या स्वभावावर उभी होती. सेनेचंही तेच. कागदावर संरक्षण परिषद, प्रत्यक्षात सेना राजवाड्याची.

---

मेघना_डोंबिवली

मला नेमका सेनेबद्दलच प्रश्न आहे. सेना राजवाड्याशी एकनिष्ठ होती म्हणता, मग २२ आणि २३ एप्रिलला तिने गोळ्या का झाडल्या नाहीत? चीनमधल्या तिआनानमेन चौकासारखं काही का झालं नाही?

---

दिल्लीमुक्कामी

मेघनाताई, माझ्या वाचनातून मला जे समजलं ते असं. रस्त्यावर मुख्यतः नेपाळ पोलीस आणि सशस्त्र पोलीस होते, सेना मागे होती. रिंग रोडवर एकाच वेळी दहा-बारा ठिकाणी गर्दी होती, एका चौकात बळ वाढवलं की दुसरा चौक मोकळा पडे. हे तंत्र फार महत्त्वाचं. एका मैदानात सगळे जमले असते तर वेढणं सोपं होतं. दुसरं, जिल्ह्याजिल्ह्यांत हीच परिस्थिती होती, पोखरा, चितवन, नेपाळगंज, पूर्वेकडे विराटनगर. चितवनला तर गणतंत्राच्या, म्हणजे प्रजासत्ताकाच्या, घोषणा राजधानीच्या आधी सुरू झाल्या. तिसरं, माओवाद्यांनी काठमांडू खोऱ्यात एकतर्फी युद्धविराम जाहीर केला होता, त्यामुळे ‘हे आंदोलक नाहीत, अतिरेकी आहेत’ असं म्हणून गोळीबार करायला सबब उरली नाही. आणि सेनेचे अधिकारी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जात असतात, त्यावर त्यांची कमाई आणि प्रतिष्ठा अवलंबून आहे. मानवाधिकारांच्या उल्लंघनाचा डाग लागला तर ती वाट बंद होण्याची भीती होती. हे शेवटचं कारण लोक सांगत नाहीत पण माझ्या मते ते वजनदार होतं.

भारताबद्दलही लिहितो, कारण ‘दिल्लीने राजा घालवला’ हे वाक्य वर आलं आहे. दिल्लीचं जुनं धोरण होतं की नेपाळमध्ये संवैधानिक राजेशाही आणि बहुपक्षीय लोकशाही, दोन्ही हवेत. २० एप्रिलला डॉ. करणसिंह दूत म्हणून राजाला भेटले. करणसिंह स्वतः काश्मीरच्या राजघराण्यातले आणि त्यांची पत्नी राणा घराण्यातली, म्हणजे राजाचं ऐकून घेईल असाच माणूस दिल्लीने निवडला होता. २१ च्या राजाच्या भाषणाचं भारताने स्वागतही केलं. काठमांडूच्या रस्त्यावर त्यावरून संताप उसळला, तेव्हा परराष्ट्र सचिव श्याम सरन यांनी लगेच खुलासा केला की नेपाळी जनता जे ठरवेल ते भारताला मान्य. धोरण दिल्लीत बदललं हे खरं, पण ते बदलायला लावलं कलंकीच्या चौकाने.

---

बागायत_रत्नागिरी

मी आंबा बागायतदार. कोकणातल्या बागा आज नेपाळी माणसांशिवाय चालत नाहीत हे इथल्या कोकणवाल्यांना सांगायला नको. राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणं, सगळं. पावसाच्या तोंडावर ही मंडळी गावी जातात आणि पाऊस सरला की परत येतात. आमच्याकडे येणारे बहुतेक पश्चिम नेपाळचे, कैलाली, अछाम, बर्दिया बाजूचे.

त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. राजा गेला याचं त्यांना दुःख नाही, पण त्या बदलाने आपल्याला काय मिळालं हेही त्यांना सांगता येत नाही. मतदान नेपाळमध्ये बहुधा मार्गशीर्षात नाहीतर चैत्रात लागतं, तेव्हा हे इथे बागेत. परदेशातून मत देण्याची सोय नाही. २०१८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला ती सोय करायला सांगितलं होतं, अजून झालेली नाही. देशाचं जवळजवळ पाव उत्पन्न बाहेर काम करणाऱ्यांनी पाठवलेल्या पैशातून येतं आणि त्या माणसांना मत नाही. राजा असतानाही ही माणसं गाव सोडून येत होती, गणतंत्रातही येतात. धागाकर्त्याने लिहिलेली दोन वर्षं मोलाची असतील, मी नाकारत नाही. पण त्यानंतरच्या सतरा वर्षांचं काय?

---

चंद्रभागा

बागायत साहेबांचा प्रश्न योग्य आहे, पण ‘काय मिळालं’ याचं उत्तर माणसागणिक वेगळं येईल. मधेशी, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट तराईतल्या, माणसाला विचारा.

जानेवारी २००७ ला अंतरिम संविधान आलं तेव्हा त्यात संघराज्याचा शब्दही नव्हता. दुसऱ्याच दिवशी उपेंद्र यादव यांनी काठमांडूत माइतीघर मंडलाला त्याच्या प्रती जाळल्या आणि अटक झाले. तीन दिवसांनी तराईतल्या ‘लहान’ नावाच्या गावी एक शाळकरी मुलगा गोळीने मेला आणि सगळी तराई पेटली. जनकपूर, बीरगंज, विराटनगर बंद. सात पक्षांची सत्ता, राजाविरुद्ध लढून आलेले नेते, आणि पोलीस मात्र तशाच गोळ्या झाडत होते. अखेर कोइरालांनी दूरदर्शनवर येऊन संघराज्य आणि लोकसंख्येनुसार मतदारसंघ मान्य केले. म्हणजे एप्रिलच्या क्रांतीच्या पोटात दुसरी क्रांती झाली, आणि तिच्यामुळे नेपाळचं सरकार खरं बदललं. राजा जाण्याने शिखरावरचा माणूस बदलला असता. संघराज्याने खालची रचना हलवली.

त्याच सुमारास नागरिकत्वाचा कायदा सैल केला आणि काही महिन्यांत २६ लाखांच्या आसपास लोकांना नागरिकत्वाची कागदपत्रं मिळाली, त्यांत तराईतली माणसं पुष्कळ. पिढ्यान् पिढ्या तिथे राहून जमीन नावावर करता येत नव्हती, सरकारी नोकरी मिळत नव्हती. पहिले राष्ट्रपती रामवरण यादव हे मधेशी, धनुषाचे. राजाच्या काळात हे कल्पनेतही बसलं नसतं.

---

निरंजना_प

चंद्रभागा यांना अनुमोदन आणि त्यात भर. २००८ च्या संविधान सभेत ६०१ पैकी १९७ स्त्रिया होत्या, एक तृतीयांश. ३३५ जागा प्रमाणशीर पद्धतीने भरल्या आणि त्या याद्यांत स्त्रिया, दलित, जनजाती, मधेशी यांचे कोटे होते म्हणून हे शक्य झालं. २०१५ च्या संविधानानंतर ७५३ पालिका आल्या. दर वॉर्डात निवडून येणाऱ्या पाच जणांत दोन स्त्रिया, त्यांतली एक दलित. २०१७ ला वीस वर्षांनी स्थानिक निवडणुका झाल्या तेव्हा साडेसहा हजारांहून जास्त दलित स्त्रिया निवडून आल्या. पालिकेची उपप्रमुख न्यायिक समितीची अध्यक्ष असते, आणि ती बहुधा स्त्री असते. जमिनीचे बांध, पाण्याच्या पाळ्या, घरगुती मारहाण, ही भांडणं तिच्यासमोर येतात.

आणि तरीही त्याच संविधानात नेपाळी आईला आपल्या मुलाला नागरिकत्व देण्याचा हक्क बापाच्या बरोबरीने दिलेला नाही. रिंग रोडवर बायका बरोबरीने होत्या. या एका कलमासाठी मला त्या संविधानाचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

---

सह्यकडा

वरचं सगळं मान्य करूनही विचारतो. धर्मनिरपेक्षतेची घोषणा १८ मे ला झाली, ती रस्त्यावरची मागणी होती का? संविधान सभा ही मागणी होती, गणतंत्र होती. देश हिंदू राष्ट्र असू नये ही मागणी बंदात कुठे ऐकली होती? संसद १९९९ ला निवडलेली, मुदत केव्हाच संपलेली. तिला एवढा मोठा निर्णय घ्यायचा अधिकार कुणी दिला?

---

कृष्णाकाठ

प्रश्न खरा आहे आणि अवघडही. त्या संसदेकडे कागदावरचा अधिकार नव्हता. तिचा अधिकार एवढाच की एप्रिलमध्ये लोकांनी तिला परत बसवलं. जनजाती संघटना आणि माओवादी ही मागणी वर्षानुवर्षं करत होते, पण काठमांडूच्या बंदात ती अग्रभागी नव्हती हे तुमचं म्हणणं रास्त आहे. म्हणूनच पुढची निवडणूक झाली हे मी महत्त्वाचं मानतो. २००८ ला आणि पुन्हा २०१३ ला लोकांना मत देता आलं. राजेशाही आणि हिंदू राष्ट्र यांसाठी उघडपणे उभा राहिलेला कमल थापा यांचा पक्ष २००८ ला चार जागांवर थांबला. २८ मे च्या मतदानातली ती चार मतं त्यांचीच. २०१३ ला त्यांच्या जागा वाढून चोवीस झाल्या, म्हणजे त्यांचं म्हणणं ऐकणारे लोक आहेत आणि ते संसदेत बसतात.

आणखी एक सांगतो. सगळे पक्ष राजाला घालवायला निघाले होते हाही गैरसमज. खुद्द गिरिजाबाबू २००७ च्या मार्चमध्ये जाहीर म्हणत होते की ज्ञानेंद्र आणि युवराज पारस यांनी बाजूला व्हावं, म्हणजे राजसंस्था वाचेल. ज्ञानेंद्र यांचा नातू हृदयेंद्र याला गादीवर बसवायचा तो विचार. राजवाड्याने दाद दिली नाही. त्या सप्टेंबरात नेपाळी काँग्रेसने साठ वर्षांचं आपलं धोरण सोडून गणतंत्र स्वीकारलं, त्याच महिन्यात माओवादी सरकारबाहेर पडले, ऑक्टोबरात निवडणूक दुसऱ्यांदा पुढे गेली, आणि डिसेंबरात तेवीस कलमी समझोता होऊन ठरलं की संविधान सभेच्या पहिल्याच बैठकीत राजेशाही संपेल. शेवटपर्यंत वाटाघाटी चालू होत्या. राजाला दोन वर्षांत कितीतरी वेळा सन्मानाने वाट काढता आली असती.

---

देवडी

मला रीतिरिवाजांबद्दल लिहायचं आहे, कारण राजा गेला की त्याच्या जागी देवळात कोण उभं राहणार हा प्रश्न काठमांडूत फार गंभीर होता. काठमांडूच्या इंद्रजात्रेच्या उत्सवात राजा कुमारीकडून, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीकडून, टिळा लावून घेई आणि वर्षभराच्या राज्याला जणू तिची संमती मिळे. २००७ ला जात्रेला राष्ट्रप्रमुख म्हणून पंतप्रधान कोइराला गेले. ज्ञानेंद्र नंतर स्वतःहून कुमारीच्या दर्शनाला गेले. २००८ पासून राष्ट्रपती रामवरण यादव टिळा घेऊ लागले. मच्छिंद्रनाथाच्या भोटो जात्रेचंही तसंच. देवी तीच राहिली, टिळा घेणारं कपाळ बदललं.

त्याच २००८ च्या इंद्रजात्रेला अर्थमंत्री बाबुराम भट्टराई यांनी बळीसाठीचा सरकारी खर्च कापला. गणतंत्राच्या मंत्र्याला तो सरंजामी खर्च वाटला. काठमांडू खोऱ्यातले जुने रहिवासी नेवार रस्त्यावर उतरले, टायर जळले, दोन-तीन दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. त्या लोकांना राजा नको होता, पण त्यांची जात्रा राजाच्या मालकीची कधीच नव्हती, ती त्यांच्या टोलांची, म्हणजे मोहल्ल्यांची, आणि गुठ्यांची, म्हणजे धार्मिक कामं पाहणाऱ्या पारंपरिक मंडळांची होती. सह्यकडा, धर्माचं रक्षण राजा करतो असं आपण धरून चालतो. इथे ते मोहल्ल्यातल्या लोकांनी केलं, तेही राजा नसताना.

---

बागायत_रत्नागिरी

माहितीत भर पडली. पण माझ्या प्रश्नाला अजून नीट उत्तर आलेलं नाही. राजा शांतपणे गेला, संविधान झालं, पालिका झाल्या. मग २०२५ ला पोरांनी संसद का जाळली?

---

दिल्लीमुक्कामी

कारण खालची रचना बदलली आणि वरची माणसं बदलली नाहीत. संविधान सभेला दोन वर्षांत संविधान लिहायचं होतं. चार वर्षं लागली तरी झालं नाही, २८ मे २०१२ ला ती विरून गेली. दुसरी सभा निवडली, तिलाही २०१५ चा एप्रिलचा भूकंप झाला तेव्हा घाई सुटली. आणि मग माओवाद्यांचे नेते ‘प्रचंड’, नेपाळी काँग्रेसचे देउबा आणि कम्युनिस्ट नेते ओली हे तिघे आळीपाळीने पंतप्रधान होत राहिले. एकदा हा, मग तो, आघाडी मोडायची, नवी जोडायची. १९९० नंतर जे चाललं होतं तेच. बानेश्वरला जमिनीवर बसून ऐकणारे पुढारी एकदा खुर्चीत गेले ते परत खाली बसले नाहीत.

युद्धाचं देणंही तसंच राहिलं. सतरा हजारांच्या आसपास माणसं मेली, तेराशेच्या वर बेपत्ता. सत्यनिरूपण आयोग २०१५ ला नेमला, वर्षं गेली, न्याय कुणाला मिळाला नाही. दोन्ही बाजूंचे लोक सत्तेत होते, त्यामुळे दोघांनाही तो विषय नको होता. शिबिरांत मोजलेल्या १९,६०२ माओवादी लढवय्यांपैकी शेवटी साधारण चौदाशे सेनेत गेले, बाकीचे पैसे घेऊन घरी. त्यांच्यातलेच कित्येक आज आखातात किंवा तुमच्या बागेत असतील.

---

मेघना_डोंबिवली

भूतानचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून करते. मार्च २००८ ला, म्हणजे नेपाळच्या निवडणुकीच्या काही आठवडे आधी, भूतानमध्ये पहिली संसदीय निवडणूक झाली आणि ती राजानेच घडवून आणली. लोक नको म्हणत होते, राजा म्हणाला घ्या. भूतानची वाट जास्त शहाणपणाची असं अनेकजण मांडतात. पण नव्वदच्या दशकात त्याच राज्यातून एक लाखाच्या आसपास नेपाळीभाषक माणसं हाकलली गेली आणि झापा, मोरङच्या छावण्यांत अठरा-वीस वर्षं राहिली. ज्यांनी बदल मागितला असता त्यांना आधीच बाहेर काढलेलं होतं. वरून मिळालेल्या लोकशाहीची तुलना करताना ही बाजू पाहायलाच हवी.

---

सह्यकडा

भूतानच्या छावण्यांचा मुद्दा मनात राहील. आता सरळ प्रश्न. मार्च २०२५ ला ज्ञानेंद्र पोखऱ्याहून काठमांडूला आले तेव्हा विमानतळावर हजारो लोक होते, ‘राजा आऊ, देश बचाऊ’ म्हणत. राजा परत येऊ शकतो का?

---

कृष्णाकाठ

कायद्याने? २०१५ च्या संविधानात बदल करता न येण्यासारख्या गोष्टी फार थोड्या आहेत: देशाचं सार्वभौमत्व, अखंडता, आणि सत्ता जनतेची असणं. गणतंत्र त्या यादीत नावाने नाही. म्हणजे २७५ च्या प्रतिनिधी सभेत १८४ आणि ५९ च्या राष्ट्रीय सभेत ४० मतं मिळाली तर औपचारिक राजा आणण्याची दुरुस्ती मंजूर करता येईल असा युक्तिवाद होऊ शकतो. २०२२ च्या निवडणुकीत राजेशाहीवादी पक्षाच्या १४ जागा होत्या. वाट खुली आहे, चालून दाखवावी.

विमानतळावरच्या गर्दीला मी कमी लेखत नाही, तो तिघांच्या आळीपाळीला आलेला वीट आहे. पण त्या मार्चच्या अखेरीस काठमांडूतल्या तिनकुनेला राजेशाहीवाद्यांचा मोर्चा पेटला, जाळपोळीत आणि गोळीबारात दोन माणसं मेली, त्यांतला एक वार्ताहर होता, आणि लाट तिथेच ओसरली. सप्टेंबरात ओलींचं सरकार दोन दिवसांत कोसळलं. ८ तारखेला एका दिवसात १९ जण मारले गेले होते, दुसऱ्या दिवशी संसद आणि सिंहदरबार जळत होते, रस्त्यावर सेना होती, पंतप्रधान नव्हता. राजाला बोलवायला यापेक्षा मोकळं मैदान कधी मिळालं नसतं. त्या पोरांनी आपापसांत डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर वाद घातले, मतं घेतली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचं नाव राष्ट्रपतींकडे पाठवलं. १२ सप्टेंबरला त्यांचा शपथविधी झाला, आणि निवडणुकीची तारीखही लगेच जाहीर झाली: ५ मार्च २०२६.